भांडता येईल असा माणूस

विमलमावशी कुणाच्याही नव्या घरात गेल्या की देवाला हात जोडायच्या आधी भिंत वाजवायच्या. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून टक टक करायचं, कान लावायचा, एक पाऊल पुढे सरकायचं आणि पुन्हा टक टक. कर्जतला माझ्या शाळेतल्या एका बाईंची वास्तुशांत होती. आम्ही सगळ्या शिऱ्याच्या ताटल्या हातात धरून ‘काय छान हवा येते हो’ करत होतो आणि मावशी स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून उभ्या. तिथूनच ओरडल्या, “हितं पोकळ हाय गं!” यजमानीणबाईंचा चेहरा असा उतरला की विचारू नका. पुढे त्याच जागचं प्लास्टर ढपल्यासारखं सुटून पडलं, तेव्हा त्याच बाई मला म्हणाल्या, “तुमच्या त्या मावशींना माझा नमस्कार सांगा.”

मावशींची कुंभिवलीला हायवेलगत खानावळ होती. पत्र्याची शेड, सहा बाकडी, मागे चूल आणि चुलीशेजारी भांडी घासायची मोरी. त्याआधी आसपास कारखाने उभे राहिले तेव्हा मावशींनी डोक्यावरून घमेली वाहिली होती. गुडघे बोलायला लागल्यावर घमेलं टाकलं आणि कालथा धरला. इकडच्या प्रत्येक कंत्राटदाराची माणसं त्यांच्याकडे जेवून गेलेली. कुणाचा गवंडी निवांत जेवतो, कुणाचा घास तोंडात असतानाच उठतो, हे त्यांना तोंडपाठ. “जेवान धड करू देत नाय तो मालक भिंत काय धड करू देनार?” हे त्यांचं मत, आणि मत द्यायला त्या कुणाच्या विचारण्याची वाट बघत नसत.

आमची गाठ पडली ती प्लॉटमुळे. खानावळीपासून हाकेच्या अंतरावर माझ्या सासऱ्यांनी कधीकाळी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. कर्जतमधलं आमचं औषधांचं दुकान भाड्याच्या गाळ्यात. गाळ्याच्या मालकाच्या मुलाला तिथे मोबाइलचं दुकान काढायचं होतं, म्हणून त्याने आम्हाला एका वर्षात गाळा मोकळा करायला सांगितलं. मग ठरवलं, प्लॉटवर बांधायचंच. खाली पाच गाळे, त्यातला एक आपल्या दुकानाचा, वर डॉक्टरांसाठी दवाखान्याच्या खोल्या. आमचे हे म्हणाले, “आयुष्यात एकदाच बांधणार आहोत, चुकलं तर दुसऱ्यांदा बांधायची आपली ऐपत नाही.” एवढं बोलून हे दुकानात जाऊन बसले आणि कंत्राटदार निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. यांची जुनी सवयच आहे ती.

मी पडले गणिताची शिक्षिका. पनवेलचा एक बडा कंत्राटदार, खालापूरचा नरेश आणि माझा सख्खा धाकटा भाऊ सुधीर, अशी तीन नावं समोर होती. सुधीर शेलू-नेरळकडे बंगले बांधतो. मी सात रकान्यांचा तक्ता केला, प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली आणि एका दुपारी तो कागद घेऊन मोठ्या रुबाबात खानावळीत गेले. मावशी मोरीजवळ उभ्या राहून खराट्याने पाणी मागे ढकलत होत्या. मी जाई तेव्हा बाई त्याच उद्योगात असायची. मी कागद वाचून दाखवला.

“मंग पयला कोन आला?” त्यांनी विचारलं.

“सुधीर.”

“पेपर कोनी तपासला?”

“मीच की.”

“भावाचा पेपर बहिनीनं तपासला. चालतं का गं तुमच्या शाळंत?”

‘विश्वास’ नावाच्या रकान्यात मी सुधीरला पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि बाकीच्या दोघांना निम्मे, हे या अक्षरशत्रू बाईला कागद न बघता कळलं होतं.

“त्यो तक्ता ठेव बाजूला,” मावशी म्हणाल्या. “तिगांनाबी एकच सांग. तुमचं बिघडलेलं काम दाखवा. चांगलं तर समदेच दाखवतात.”

पनवेलचे साहेब गार हवेच्या गाडीतून खानावळीत आले. त्यांनी लॅपटॉपच्या भल्यामोठ्या पडद्यावर इमारतींचे फोटो दाखवले. बिघडलेल्या कामाचं विचारताच हसले. “म्याडम, आमचं काम कधी बिघडतच नाही.” मावशी माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी लगेच दोन्ही हात जोडले. “बरा हायस बाबा, देवच हायस तू.” साहेब खूश होऊन गेले. गाडी वळल्यावर मावशी म्हणाल्या, “ह्याला नको देऊस. देवाशी भांडता येत नाय. काम द्यायचं तं भांडता येईल अशा मानसाला. बांधकाम म्हनल्यावर काय ना काय चुकनारच. तवा तू भांडाया पायजेस, आन त्यो दुसऱ्या दिवशी परत कामावर याया पायजे.”

सुधीरची कामं बघायला मात्र मावशी आल्या नाहीत. “तू जाऊन ये, माजे पाय दुखतात.” एरवी भिंत वाजवायला मिळणार म्हटलं की या बाई डोंगर चढून ठाकुरवाडीला जातील! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. सुधीरने शेलूचे तीन बंगले दाखवले, दारातल्या जास्वंदीसकट. बिघडलेलं काम दाखव म्हटल्यावर त्याला लागलं. “काय बोलतेस ताई? इतक्या वर्षांत एका माणसाने तक्रार केलेली नाही माझी.” तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला नाक पुसायच्या वयापासून ओळखते, खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात.

नरेश आम्हाला खालापूरजवळच्या एका लग्नाच्या हॉलवर घेऊन गेला. काटकुळा माणूस, शर्टावर कायम सिमेंट. दारातच हॉलचा मालक गरजला, “आलास का रं गळक्या!” आणि लगेच आत वळून, “चार चा सांगा.” नरेशने आम्हाला थेट गच्चीवर नेलं. म्हणाला, “हे माझं बिघडलेलं काम. मालकांच्या मुलीच्या लग्नाची तारीख धरली होती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग घाईत उरकलं. पहिल्याच पावसाळ्यात स्टेजवर धार लागली. तेव्हापासून दर मे महिन्यात येऊन दुरुस्ती करतो. तरी कुठेतरी एक थेंब पडतोच.” मालक म्हणाला, “दर वर्षी शिव्या खातो, पन दर वर्षी येतो.” मावशींनी जिन्याची भिंत वाजवली, खालचा सज्जा वाजवला आणि चहा बशीत ओतून घेतला. घरी येऊन आमच्या यांची पसंती विचारली तर हे म्हणाले, “तू ठरवशील ते.”

तू ठरवशील म्हणे! इकडे नेरळहून आईचा रोज फोन. “सख्खा भाऊ असताना बाहेरच्याला काम? लोक काय म्हणतील? त्याचं हे पहिलंच मोठं काम होईल गं.” आणि खरं सांगते, माझंही मन सुधीरकडेच ओढत होतं. माहेर राखायचं की इमारत, याने माझी झोप उडाली. शेवटी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तडक कुंभिवली गाठली आणि मावशींना म्हटलं, “मी सुधीरलाच काम देणार. आता बोलू नका काही.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. खराट्याने पाणी ढकलत राहिल्या. मोरीतलं पाणी पुढे पसरत माझ्या पायाशी आलं, माझी नवी चप्पल भिजली आणि मी भडकले. “अहो, कोणत्या शहाण्याने घातलीय ही फरशी? उतार उलटा आहे सगळा! पाणी बाहेर जायचं सोडून चुलीकडे येतंय.”

खराटा थांबला.

“तुज्या भावानं,” मावशी म्हणाल्या.

मी बाकावर बसलेच. सुधीरचं जवळच एक काम चालू होतं तेव्हा तो रोज इथे जेवायचा. मोरीपाशी चिखल झालेला बघून त्याने एका रविवारी दोन माणसं लावून फुकट फरशी घालून दिली होती. त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं ही बाई रोज दोन वेळा पाणी ढकलत होती!

“त्याला सांगितलं का नाहीत?”

“कसं सांगू गं? मावशी मावशी करत आला, मायेनं घालून दिली. वाकडं कसं बोलू? त्यो जेवाया येतो तवा मी खराटा लपवते. त्याला काय म्हायतीच नाय.” मग माझ्या शेजारी येऊन बसल्या. “तुजा भाऊ वाईट गवंडी नाय. उतार कोनाचाबी चुकंल. पन मी भांडले नाय म्हनून तो तसाच ऱ्हायला. तुजं तसंच व्हनार. भावाचं चुकलं तर तू बोलनार हायस का? नाय बोलनार. गप बसशील आन जलमभर पानी ढकलशील.”

मी कुणाला दबणारी बाई नाही. वर्गात माझा आवाज तीन खोल्या पलीकडे ऐकू जातो. पण सुधीरला मी आजवर एकदाही मोठ्याने बोललेले नाही, हे तिथे त्या ओल्या बाकावर बसून माझ्या लक्षात आलं. त्याच संध्याकाळी नेरळला गेले. सुधीरला समोर बसवलं आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. काम नरेशला देतेय आणि मावशींच्या मोरीचा उतार उलटा आहे. काम गेल्याचं त्याला फारसं वाटलंच नाही. मोरीचं ऐकून मात्र पांढराफटक पडला.

“सहा वर्षं? अगं, मी दर महिन्याला जेवतो तिथे!”

“तू आलास की त्या खराटा लपवतात.”

तो उठून आत गेला. आईने माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशींचा फोन आला. मागे ठणाठण आवाज चालला होता. “अगं बाय, तुजा भाऊ पहार घिऊन आलाय! माजी मोरी फोडली! चुलीवर समदी धूळ, कालवनात धूळ! ए सुधऱ्या, तिकडून फोड रं, मेल्या, डोळे फुटले का तुजे?” मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की हेडमास्तर डोकावून गेले. दोन दिवस मावशी त्याला अखंड शिव्या देत होत्या आणि तो दर तासाला पाणी ओतून उतार बघत होता. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पाणी आपल्या पायांनी बाहेर चाललं होतं आणि मावशी सवयीने खराटा धरून नुसत्या उभ्या होत्या.

आमची इमारत नरेशने वेळेत उभी केली. जिन्याची एक पायरी उंच झाली म्हणून मी त्याच्याशी रस्त्यात उभी राहून भांडले. तो “बरोबर हाय म्याडम, चुकलंच” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी फोडत बसला होता. सुधीर दर रविवारी न बोलावता पातळी बघायची लेव्हल-बॉटल घेऊन हजर. तो आणि नरेश भांडायचे, मग मावशींकडे एकाच ताटात भाकरी मोडायचे. उद्घाटनाच्या दिवशी मावशींनी पाचही गाळे वाजवून पास केले. वरच्या एका खोलीत मात्र कान लावून म्हणाल्या, “हितं जरा पोकळ हाय.” फीत कापायची थांबवून नरेश हातोडी आणायला पळाला.

गेल्या पौषात मावशी झोपेतच गेल्या. तेराव्याला जेवणं खानावळीतच होती. पंगती उठत होत्या, माणसं मोरीवर हात धूत होती आणि सुधीर मोरीशेजारी उकिडवा बसून जाणारं पाणी बघत होता. मी जवळ जाऊन बसले.

“ताई,” तो म्हणाला, “मावशी तेव्हाच एकदा ओरडली असती गं माझ्यावर.”

“ओरडली की. चांगली दोन दिवस ओरडली.”

तो हसायला लागला, मग त्याचे डोळे भरले आणि माझेही. कोपऱ्यात तो खराटा होता, कोरडा ठणठणीत.