रेघेची जाडी

शेजारी तिला सेनापती म्हणत. ती वर्तमानपत्रात नकाशे काढायची, एवढाच काय तो तिचा सैन्याशी संबंध. पलीकडच्या देशानं चढाई केल्यापासून पहिल्या पानावर रोज एक नकाशा असे आणि त्यात एक लाल रेघ. रेघेच्या उजवीकडे ते, डावीकडे आपण. सकाळी ती पाव आणायला गेली की बेकरीवाला विचारी, "काय सेनापती, आज पुढे की मागे?" जणू तीच पहाटे उठून रणगाडे ढकलून आली होती. आपली माणसं मागे हटली असतील, तर तो पाव जरा जोरातच पुढ्यात टाकायचा.

रेघेचा नियम मात्र कडक होता. संध्याकाळी लष्कराच्या कचेरीतून टिपण यायचं. ते म्हणेल तेवढीच रेघ हलवायची, ऐकीव गोष्टींवर केसभरही नाही. रेडिओ रोज विजय सांगायचा, मंत्री रोज धीर द्यायचे. नकाशा तेवढा गेलेलं गेलं म्हणून दाखवायचा. म्हणून लोक त्याच्यावर चिडायचे आणि विश्वासही त्याच्यावरच ठेवायचे.

सगळ्यांत जास्त विश्वास तिच्या आत्याचा. आत्या नदीकाठच्या एका गावात शिवणाचं दुकान चालवायची, एकटीच. गाव इतकं लहान की नकाशात त्याचा नुसता ठिपका होता, आणि तोही भाचीनं आत्याच्या धाकानं ठेवलेला. रेघ ठिपक्याकडे सरकू लागली तशी भाची रोज फोन करून निघून ये म्हणायची. मग बाबा फोन ओढून घ्यायचे, आधी थोरल्या बहिणीवर ओरडायचे आणि मग तिच्या विनवण्या करायचे. आत्याचं उत्तर ठरलेलं असे: गिऱ्हाइकांचे कपडे अर्धवट टाकून ती कुठेही येणार नव्हती. शेवटी वैतागून ती भाचीला म्हणाली, "हे बघ, रेडिओ खोटारडा आहे आणि तुझा बाप भित्रा आहे. तुझी रेघ माझ्या ठिपक्यावर आली की मी निघेन. तोवर मला सुखानं शिवू दे."

इकडे निर्बंध लागले. चढाई करणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही, त्यांना काही द्यायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हळूहळू कळत गेलं, की काय काय तिकडून यायचं. छापखान्याचा कागद तिकडच्या जंगलातला होता, लाल शाई तिकडच्या कारखान्यातली. सोळा पानांची आठ झाली. एक मोठं शहर पडलं तेव्हा वर्तमानपत्राच्या कचेरीत चार फोन आले होते. राशिभविष्य बंद केलं तेव्हा दिवसभर फोन खाली ठेवायची सोय नव्हती. जाहिरातीतले टोमॅटो काळे पडले, साबणाच्या जाहिरातीतली गोबऱ्या गालांची बाई महिनाभराच्या आजारातून उठल्यासारखी फिकट दिसू लागली. उरलेलं लाल नकाशासाठी राखलं होतं. छपाईचे फोरमन, ज्यांना सगळे शाईकाका म्हणत, ते डबे खरवडून खरवडून ती एक रेघ जगवत होते.

एके दुपारी कागदाच्या ट्रकचा ड्रायव्हर तिला सांगून गेला, की नदीकाठी आता तोफा ऐकू येतात, भांडी मांडणीवरून खाली येतात. संध्याकाळचं टिपण आलं: बदल नाही. तेवढ्यात शाईकाका हात पुसत वर आले आणि म्हणाले, संपलं लाल.

काळी रेघ काढावी तर रस्ते काळे, रेल्वे काळी, सरहद्द काळी. संपादकांनी तोड काढली, जाड कर, रेल्वेच्या चौपट. तिनं जाड पेन घेतलं आणि वरून खाली येऊ लागली. नदीच्या वळणाशी तिला दिसलं, की अशीच खाली आलो तर ठिपका रेघेखाली जाणार. नियमानं पाहिलं तर सगळी जाडी उजवीकडे द्यायला हवी होती, डावी कड जागची हलता कामा नये. हात क्षणभर थांबला. मग तिनं जाडी दोन्ही बाजूंना सारखी वाटून रेघ सरळ खाली आणली. संपादक म्हणाले, आता कशी नीट दिसते.

दुपारच्या बसनं वर्तमानपत्र आत्याच्या गावाला पोचायचं. तो अंक पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शिवणयंत्र डोक्यावर घेतलेला हमाल आणि त्याच्यामागे अर्धवट कपड्यांचं गाठोडं घेतलेली आत्या. बाबांचे डोळे भरून आले आणि डोळे पुसून होण्याआधीच यंत्र कुठे ठेवायचं यावरून बहीणभावांचं भांडण जुंपलं.

दोन दिवसांनी आत्याच्या शेजारणीचा फोन आला. बाजारात तोफगोळा पडला होता. माणसं वाचली होती, आत्याच्या दुकानाच्या काचा मात्र गेल्या होत्या.

"मी असते तर फुटू दिल्या असत्या का," आत्या म्हणाली. मग तिनं चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं. "ती म्हणते, सैन्य नदीपलीकडेच आहे. मग माझ्या ठिपक्यावर कसं आलं?"

"लाल संपलं म्हणून रेघ जाड करावी लागली. ठिपका बाजूला ठेवता आला असता. मी ठेवला नाही."

"बरं केलंस," बाबा घाईघाईनं म्हणाले.

"तू गप रे." आत्यानं हातातला दोरा दातानं तोडला. "पोरी, अर्धी गल्ली तुझी रेघ बघून बिऱ्हाड बांधते नि सोडते. मला एकटीला हलवायला तू त्या सगळ्यांना घाबरवलंस. उद्या जाऊन सांग आणि रेघ होती तिथे ने."

"मग तू परत जाशील."

"ते माझं मी बघेन."

तिनं सांगितलं. संपादकांचा आवाज खाली छापखान्यापर्यंत ऐकू गेला. पण नकाशा दुरुस्त झाला, आणि खाली चुकीची कबुलीही छापली गेली. त्या सकाळी आत्यानं वर्तमानपत्र खिडकीशी नेऊन ठिपका पाहिला. तो आपल्याच बाजूला होता, रेघेला चिकटून. बाबा आत्याच्या गाठोड्यावर नजर ठेवून बसले होते. भाची चहा गाळायची थांबली होती.

"काचा बसवल्याशिवाय दुकान उघडता येणार नाही," आत्या म्हणाली.

"आणि काच कुठली असते आपल्याकडे?" बाबांनी विचारलं.

"तिकडचीच असणार."

"म्हणजे निर्बंध उठेपर्यंत काच नाही," बाबा म्हणाले. निर्बंधांविषयी ते पहिल्यांदाच इतक्या आदरानं बोलत होते.

प्लॅस्टिकचा कागद ठोकूनही काम भागतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. आत्यानं यंत्र उजेडाकडे सरकवलं आणि कुणाचीतरी अर्धी राहिलेली बाही जोडायला घेतली.