रुतलेला चुडा

गडावरच्या देवीपुढे मी हे किती वेळा कबूल केलं असेल, पण माणसांपुढे सांगताना अजून मान खाली जाते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. सून वैशाली, तिचा सातवा महिना भरत आलेला. याआधी दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून मी देवीला नवस बोलले होते. डोहाळजेवणासाठी देवीच्या पायाशी लावून हिरवा चुडाही आणला होता, वैशालीच्या नेहमीच्या मापाचा.

डोहाळजेवणाच्या दिवशी बांगड्या भरायला शांताबाई कासारीण आली. वैशालीचा हात हातात घेऊन नेहमीसारखं म्हणाली, "हात सैल सोड, बाई." मग थांबली. अंगठ्यानं मनगट दाबलं, तिथं खळगा पडला आणि तो भरून येईना. "आक्का, ही सूज चांगली नाय. चुडा राहू द्या. अन् आजच डाक्टरला दाखवा." अंगणभर बायका बसलेल्या. मला वाटलं, ही माझ्या देवीच्या चुड्याला नाट लावतेय, वर स्वतःचा माल खपवायला बघतेय. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तू बांगड्या भर. डाक्टरकी नको शिकवू." वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी साबण लावून दोन्ही हात भरून झाले. शांताबाई न जेवता गेली. मी थांब म्हणालेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वैशालीचं डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडू लागली. मुलानं रिक्षा करून नाशिकच्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार चढला होता. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. "ठोके चुकताहेत. आधी हृदयाची पट्टी काढू, त्यावर औषध ठरेल." मशीन आलं, पण चिमटे लावायला मनगटं मोकळी नव्हती. चुडा सुजेत रुतला होता, सुईलाही जागा नाही. नर्स म्हणाली, बांगड्या फोडाव्या लागतील. आणि मी सुनेच्या नि मशीनच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "देवीचा चुडा हाय. पोटुशीच्या हातातला फोडायचा नाय." डॉक्टरीणबाई समजावत होत्या, मुलगा ओरडत होता. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. तेवढा वेळ त्या पोरीचं हृदय कसंही धावत होतं आणि मी बांगड्या राखत होते.

तेवढ्यात दारात शांताबाई दिसली. जिवाला चैन पडेना म्हणून ती आमच्या घरी चौकशीला गेली होती, शेजारणीनं सांगितलं तशी तडक दवाखान्यात आली. ती सरळ वैशालीच्या खाटेशी बसली. "आक्का, मी भरल्या, मीच वाढवते. पाप लागलं तर मला लागंल." पदराचं पातळ टोक बांगडीखाली सारून एकेक बांगडी तिनं कापडातच दाबून तोडली. वैशालीला ओरखडासुद्धा आला नाही. चिमटे बसले, कागदाची पट्टी सरकू लागली. ती पाहून डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या डॉक्टरांना बोलावलं, औषध बदललं. दुपारी सिझर झालं. ओंजळीएवढी नात महिनाभर काचेच्या पेटीत राहिली. दोघी वाचल्या.

लोक म्हणतात, देवीनंच शांताबाईला पाठवलं. पाठवलंही असेल. पण मग आदल्या दिवशी माझ्या अंगणातही शांताबाईला देवीनंच पाठवलं होतं, आणि तिला मी गप्प केलं होतं.

बारशाचं बोलावणं द्यायला मी स्वतः शांताबाईकडे गेले. माफीचे शब्द जुळवून गेले होते, पण तोंड उघडलं तर रडूच आलं. तिनं मला बसवलं, बांगड्यांची पेटी ओढली आणि माझा हात धरला. माझी मूठ तशीच आवळलेली.

"आक्का, हात सैल सोडा," ती म्हणाली. "तुमीच आवळून धरलं, तर मला काय बी करता येत नाय."

नात आता मोठी झाली. गडावर गेले की मी काही मागत नाही, काही बजावत नाही. देवीपुढे उभी राहते आणि आधी हात सैल सोडते.