मास्तरांची चुकलेली जागा

जरीपटका वस्तीतल्या वरातीत नागसेन मास्तरांचं क्लॅरिनेट दिसलं नाही, तर लोक आधी विचारत, "मास्तर काहून नाही आले गा?" चाळीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांची लग्नं वाजवली. अशाच एका वरातीत, सदर भागातल्या वळणावर, गच्चीवर उभ्या असलेल्या प्रेमिलाकडे बघण्याच्या नादात त्यांचा गाण्यातला एक सूर घसरला. ती खुदकन हसली. वर्षभरात मास्तरांनी तिला मागणी घातली. त्यानंतर ते गाणं आलं की मास्तर त्या जागी दरवेळी मुद्दाम घसरायचे. बँडवाले वैतागायचे, पण मास्तरांना सांगणार कोण? आणि हे मुद्दाम चाललंय, हे कोणाला ठाऊकच नाही, अशी मास्तरांची समजूत.

काय दिवस होते ते! आता मात्र गल्ली ओलांडेपर्यंत धाप लागायची. बोटं सुजलेली, सकाळी मूठ वळायची नाही. वय एकसष्ट, दिसायचे पंचाहत्तरचे. विचारलं की म्हणायचे, "वय झालं ना गा!"

कसलं वय, डोंबलाचं! पंधरा वर्षांपासून त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ते त्यांनी बायकोपासूनही लपवलं होतं. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात त्याच्या फुंकायच्या तोंडावर टेकतात. दात हलले की सूर हलतो. म्हणून मास्तरांनी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आणि हिरडीत खर्रा दाबला. खर्र्यातल्या सुपारी, तंबाखू आणि चुन्यानं हिरडी टाइट राहते, असं साऱ्या बँडचं मत. एकेक शहाणे!

शेवटी प्रेमिलाबाईंना उशीच्या खोळीवर रक्ताचे डाग दिसले आणि त्यांनी नवऱ्याला ओढतच दवाखान्यात नेलं. दिपाली डॉक्टरांनी तोंड, बोटं, रक्ताचा रिपोर्ट सगळं पाहिलं.

"काका, तुमच्या अंगात बारीक सूज मुरलीये. ताप येत नाही, ठणकत नाही, म्हणून कळत नाही. पण शरीर रात्रंदिवस तिच्याशी झुंजतंय. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या, सांधे, हृदय लवकर म्हातारं होतं. वय सगळ्यांचंच होतं, तुमचं घाईनं होतंय. सगळा दोष हिरड्यांचाच नसेल, पण त्यांचा आणि तंबाखूचा वाटा मोठा आहे. खर्रा बंद. आणि वरचे दात काढावे लागतील."

"अन् मी वाजवू कायनं?" मास्तर एवढंच बोलले आणि उठून चालू लागले.

तीन आठवडे ते तिकडे फिरकले नाहीत. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता प्रेमिलाबाईंचा बांध फुटला. "तुमाले बाजा पायजे का मी? तुमी गेल्यावर मी एकटी काय करू जी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दात काढून घ्यायला गेले.

खर्रा सोडताना त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पण सोडला. सहा महिन्यांत रिपोर्टातला सुजेचा आकडा उतरला, मूठ वळू लागली, मास्तर दोन जिने एका दमात चढायला लागले. फक्त कवळीवर सूर धरता येईना. क्लॅरिनेट कपाटात गेलं. मास्तर खाटेवर बसून चहाच्या ग्लासावर बोटं नाचवत राहायचे.

एक दिवस प्रेमिलाबाईंनीच कपाट उघडलं. "मी फुकतो, तुमी बोटं ठेवा."

"तुले जमन का वं?"

"दात तं हायेत ना माहे!"

त्या पुढे बसल्या. मास्तरांनी मागून हात घालून बोटं ठेवली. पहिला आवाज बकरीचा निघाला. शेजारची पोरं खो-खो हसली. मास्तर चिडले, बायकोला पुन्हा फुंकायला लावलं. रोज संध्याकाळी हेच. महिना गेला तेव्हा कुठे ते जुनं गाणं ओळखू येऊ लागलं.

एके दिवशी गाण्यातली, सदरच्या वळणावर चुकलेली ती जागा आली. मास्तरांचं बोट मुद्दाम घसरलं.

प्रेमिलाबाईंनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"दरवेळी तुमची ती चूक ऐकत होतो मी," त्या म्हणाल्या. "तुमी एखाद वेळी चुकले नसते, तं त्या रात्री जेवाले नसतं वाढलं."