बाबांची निळी काच आणि आमचा ओव्हन

मंडळी, आज ओव्हनचा मांसात खुपसायचा थर्मामीटर आकडाच दाखवेना. त्याची पिन बसते त्या भोकात तेलकट मळ साचला होता. तो कापसाने पुसला, कोंबडी आत ठेवली आणि आकडा परत उजळला.

तेवढ्यात बाबा आले. भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हा ते इथे पोलादाच्या भट्टीवर कामाला होते. हल्ली ते बोलतच नाहीत. भट्टीतल्या पोलादाचा रंग बघायची जुनी निळी काच त्यांनी डोळ्याला लावली आणि ओव्हनच्या उजेडात हरवून गेले.

थर्मामीटर वाजला. कोंबडी शिजली होती. तरी मी विचारलं, "बाबा, काढू का?"

"कावून घाई करून राहिली? रंग येऊ दे."

मग आळीपाळीने काचेतून बघत बसलो.

करपलेली कोंबडी तुम्ही कधी इतक्या सुखाने खाल्ली आहे का?