इंद्रभान सरकटे यांची सावड

इंद्रभान ग्यानबा सरकटे हे मूळचे मेडशीचे. आज मेडशी वाशीम जिल्ह्यात आहे. मी सांगतो आहे त्या काळी, म्हणजे १९७४ च्या जानेवारीत, वाशीम हाच अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. आमच्या महाविद्यालयात सरकटे गणित शिकवीत आणि मी राज्यशास्त्र. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या.

त्यांच्या वडिलांजवळ, ग्यानबांजवळ, थोडे कोरडवाहू वावर आणि एक बैल होता. एका बैलाने नांगरट होत नाही. म्हणून मेडशीत तीन घरांची सावड चालत असे: एक ग्यानबांचे घर, दुसरे रामकिसन पाटलांचे आणि तिसरे चंपाबाई या विधवा बाईंचे. प्रत्येकाचा एकेक बैल. कोणतेही दोन जुंपायचे, तिसऱ्याला विसावा द्यायचा आणि तिन्ही वावरे पाळीपाळीने नांगरून काढायची. सरकटे कुटुंबाने १९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा गावातल्या काही घरांनी बोलणे तोडले. सावड मात्र तुटली नाही. रामकिसन पाटील बांधावरून ओरडत, "ग्यानबा, तुया बैल नुसता चालून राह्यला, ओढून तं मायाच राह्यला!" ग्यानबा उत्तर देत, "मंग तुया बैलाले सांग ना, इतका नखरा काहून करते म्हणून!" भांडण तेवढेच.

या सावडीचा एक नियम होता. ज्याचा बैल बसला, म्हणजे आजारपणाने जुंपता येईना, त्याचे वावर आधी काढायचे. बाहेरच्याला हे उलटे वाटते. ज्याने बैल दिला नाही त्याला शेवटी ठेवावे, असे कोणीही म्हणेल. मेडशीचा हिशेब असा की, बैल आज ह्याचा बसला, उद्या आपला बसेल. आणि बसलेल्या बैलाच्या धन्याला शेवटी ठेवले, तर तो पुढच्या वर्षी सावडीत राहील कशाला?

सरकटे त्या वावरातून वाशीमला, तेथून शिष्यवृत्तीवर नागपूरला गेले, गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि परत वाशीमलाच आले. त्यांच्या संशोधनाचा विषय संगणक होता. विस्कळीत आकड्यांची रास कमीत कमी तुलना करून क्रमाने कशी लावावी, यावर ते काम करीत. वाशीमला संगणक नव्हता, अकोल्यालाही नव्हता. ते कागदावर रीत लिहीत, सुटीत आगगाडीने मुंबईला जात, तेथे एका संस्थेत ओळखीने, यंत्राला वाचता यावी म्हणून, ती जाड कागदाच्या पत्त्यांवर भोके पाडून उतरवून घेत आणि यंत्र रिकामे असेल तेव्हा तो गठ्ठा आत सरकवीत. एक भोक चुकीच्या जागी पडले की यंत्र गठ्ठा नाकारी, आणि सरकटे पुढच्या सुटीची वाट पाहत वाशीमला परतत. हे त्यांनी वर्षानुवर्षे केले, आणि तक्रारीच्या सुरात कधीही सांगितले नाही.

शेवटी त्यांनी दिल्लीला सरकारकडे अर्ज केला. लहान महाविद्यालयांतील संशोधकांना यंत्रावरील वेळ हक्काने मिळावा, मेहेरबानीने नव्हे, अशी मागणी होती. एका वाक्यात उत्तर आले: आपण कोणत्या संघटनेच्या वतीने लिहीत आहात?

ते उत्तर माझ्यासमोर धरून सरकटे म्हणाले, "सर, प्रश्न योग्य आहे. यंत्रे विकणाऱ्यांच्या मंडळ्या आहेत, चालविणाऱ्यांच्या आहेत. संशोधन करणाऱ्यांच्या वतीने बोलणारे कोणी नाही. तेव्हा संघटना काढू. घटना तुम्ही लिहा."

"आणि सभासद?"

"ते मी आणतो."

त्यांनी आणले. वर्षभर ते देशभरच्या संशोधकांना लिहीत राहिले. स्थापनेची सभा कोठे घ्यावी यावर मात्र गाडे अडले. मुंबईकरांना दिल्ली नको होती, दिल्लीकरांना कलकत्ता, आणि कलकत्तेकरांना दोन्ही. तेव्हा सरकट्यांनी सर्वांना कळविले की सभा वाशीमला घ्यावी. खांडवा-पूर्णा मार्गावर असल्यामुळे उत्तरेचे लोक खांडव्याला गाडी बदलतील, दक्षिणेचे पूर्णेला, मुंबई-कलकत्त्याचे अकोल्याला. शिवाय वाशीमला कोणाचेच यंत्र नाही. म्हणून तेथे कोणाचाच वरचष्मा नाही. सर्वांनी होकार कळविला.

पाहुणे आले. कलकत्त्याचे डॉ. अनादिनाथ लाहिडी हे सर्वांत ज्येष्ठ. त्यांच्यासोबत भोके पाडलेल्या पत्त्यांची भलीमोठी पेटी होती, कारण परतताना कोठे यंत्र मिळाले तर काम उरकावे असा त्यांचा विचार होता. स्टेशनवर टांगेवाल्या रतनसिंगने पेटीत डोकावून सरकट्यांना विचारले, "मास्तर, इतके पत्ते? जुगार मोठा दिसून राह्यला!"

"मोठाच आहे," सरकटे म्हणाले. "चला."

आदल्या संध्याकाळी लाहिडींनी घटनेच्या मसुद्याला एक दुरुस्ती सुचविली. जेथे चालू स्थितीतील संगणक आहे अशा संस्थेत काम करणारा संशोधक, तोच परिषदेचा सभासद होईल. त्यामागे दुष्टावा नव्हता. ज्यांना यंत्राचा अनुभव नाही ते सभा भरून टाकतील आणि परिषदेचे हसे होईल, अशी त्यांची प्रामाणिक भीती होती. बहुतेक मोठ्या संस्था त्यांच्या बाजूने होत्या. परंतु ही दुरुस्ती मंजूर झाली असती, तर ज्याने ही परिषद उभी केली त्या सरकट्यांनाच तिच्यात जागा राहिली नसती.

ही बातमी मी त्यांच्या घरी पोहोचविली. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी वांगी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता नवऱ्याला विचारले, "म्हंजे तुमी सगळ्याईले बोलावलं, अन् तुमचंच नाव नाई? मंग उद्या पंगतीत तरी बसान का नुसतं वाढान?"

"बसेन," सरकटे म्हणाले.

"कसं?"

"ते उद्या बघ."

"मी कायले बघू? मी चुलीजवळ असन. सर, तुमीच सांगजा मले."

म्हणून सांगणे माझ्याकडे आले, आणि ते मी आजही करीत आहे.

सभा महाविद्यालयाच्या सभागृहात भरली. कामकाज इंग्रजीत चालले. येथे मी ते मराठीत देतो. मी कलमे वाचत गेलो. सभासदत्वाचे कलम आले तेव्हा लाहिडींनी दुरुस्ती मांडली आणि तिच्यावर नेटके भाषण केले. सभेचे निमंत्रक या नात्याने सरकटे उभे राहिले. विरोधात बोलतील अशी सर्वांची अपेक्षा होती.

"दुरुस्ती मताला टाकण्यास माझी हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त एक विचारतो. ती मंजूर झाली, तर पुढच्या कलमांवर कोणी मत द्यायचे? उघड आहे, नव्या नियमाने जे सभासद ठरतील त्यांनीच. तर ते कोण, हे आताच पाहून घेऊ. ज्यांच्या संस्थेतले यंत्र आज, या घटकेला, चालू आहे, त्यांनी कृपया हात वर करावा."

 हैदराबादचे नरसिंहाचारी यांनी हात वर केला. दिल्लीहून आलेल्या एका गृहस्थांनी उचललेला हात कानापाशी नेला आणि कान खाजविला. मुंबईचे कोठावाला यांनी कोपरापर्यंतच हात उचलला.

"हा हात वर आहे की खाली?" मी विचारले, कारण मला नोंद करावयाची होती.

"अर्धा वर," कोठावाला म्हणाले. "आमचे यंत्र हिशेब करते. छापणारा भाग रुसला आहे. उत्तर त्याला ठाऊक असते, पण ते सांगत नाही."

लाहिडींचे हात टेबलावरच होते. त्यांच्या यंत्राचा एक भाग परदेशातून यावयाचा होता आणि परकीय चलनाची परवानगी दिवाळीपासून अडकली होती. हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होते; पत्त्यांची पेटी आणण्याचे कारणही तेच होते. दुरुस्ती लिहिताना यंत्र लवकरच सुरू होईल, असे लाहिडींनी गृहीत धरले होते. ते खोटे बोलू शकले असते. ते सत्यनिष्ठ होते, म्हणून त्यांनी हात उचलला नाही.

"लाहिडी," कोठावाला हसून म्हणाले, "चला, आपण व्हरांड्यात चहा घेऊ. परिषद नरसिंहाचारींना एकट्याला चालवू द्या. अध्यक्ष तेच, सचिव तेच, विरोधी पक्षही तेच."

सभागृह हसले. लाहिडींचा चेहरा मात्र उतरला होता. दुरुस्ती तेथेच पडली असती; सरकट्यांनी आणखी एक शब्द बोलण्याची गरज नव्हती. पण ते खाली बसले नाहीत.

त्यांनी सभेला मेडशीची सावड सांगितली. तीन घरे, तीन बैल, पाळी. "आपल्यापैकी कोणाजवळच जोडी नाही," ते म्हणाले. "कोणाजवळ यंत्र आहे, तर त्याच्या जोडीला प्रश्न नाही. कोणाजवळ प्रश्न आहे, यंत्र नाही. कोणाजवळ दोन्ही आहेत, पण भाग येत नाही. प्रत्येकाजवळ एकेक बैल आहे. आमच्या गावात सावडीत येणाऱ्याला तुझ्याकडे नांगर आहे का असे विचारत नाहीत. तू जू खांद्यावर घेशील का, एवढेच विचारतात. सभासदत्वाचे कलम तेवढेच असावे: जो या विषयात संशोधन करतो आणि ते इतरांपुढे तपासायला ठेवतो, तो सभासद. आणि ज्या संस्थांची यंत्रे चालू असतील त्यांनी काही वेळ परिषदेच्या पाळीसाठी द्यावा."

"पहिली पाळी कोणाची?" दिल्लीच्या गृहस्थांनी विचारले. प्रश्नाला धार होती. सरकटे स्वतःचे नाव घेतील, असा त्यांचा कयास असावा; आणि खरे पाहता वर्षानुवर्षे थांबलेल्या माणसाने ते घेतले असते, तर मीही दोष दिला नसता.

"ज्याचा बैल बसला, त्याचे वावर आधी," सरकटे म्हणाले. "पहिली पाळी कलकत्त्याची. नरसिंहाचारी सर, डॉ. लाहिडींची पेटी येथे आहेच. पूर्णेमार्गे ती उद्या तुमच्याबरोबर हैदराबादला जाऊ शकते."

नरसिंहाचारी लाहिडींकडे वळले. "पेटी कशाला एकटी? डॉ. लाहिडींनाच नेतो," ते म्हणाले. "मात्र जेवण आमच्याकडचे; तिखटाची तक्रार चालणार नाही."

लाहिडी उठले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "मी माझी दुरुस्ती मागे घेतो," ते म्हणाले, "आणि श्री. सरकटे यांनी सांगितलेले कलम मी स्वतः मांडतो. अनुमोदक पाहिजे."

कोठावालांनी या वेळी हात पूर्ण वर केला.

कलम एकमताने मंजूर झाले. भारतीय संगणक-संशोधक परिषदेचे अध्यक्ष लाहिडी झाले आणि सचिव सरकटे. दिल्लीच्या त्या एका वाक्याला उत्तर द्यावयाचे राहिले होते. ते दुपारी जेवणाआधीच सरकट्यांनी माझ्याकडून लिहून घेतले आणि खाली सर्वांच्या सह्या घेतल्या. दिल्लीचे गृहस्थ म्हणाले, "हे मीच हाताने पोहोचवितो, टपालाला कशाला त्रास?"

पंगत व्हरांड्यात बसली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. वच्छलाबाई वाढत वाढत सरकट्यांच्या ताटाशी आल्या. नवरा लाहिडींच्या शेजारी मांडी घालून बसला होता. त्यांनी एक भाकरी वाढली, मग न विचारता दुसरी.

"बसले एकदाचे," त्या मला म्हणाल्या. "सर, आता सांगाचं काम नाई. दिसलं."

रविवारी मी सरकट्यांबरोबर एस.टी.ने मेडशीला गेलो. ग्यानबा आणि रामकिसन पाटील, दोघेही आता थकलेले, तुरीच्या गंजीजवळ ऊन खात बसले होते. सरकट्यांनी त्यांना सारे सांगितले. ग्यानबा मुलाकडे पाहत राहिले. रामकिसन पाटलांनी मात्र चौकशी केली.

"मंग, पयलं वावर कोनाचं काढून राह्यले?"

"कलकत्त्याचं, काका."

"कलकत्ता! लय दूर हाय बाप्पा. अन् बैल कुठला?"

"हैदराबादचा."

पाटलांनी ग्यानबांकडे पाहिले. "पाह्य रे ग्यानबा, तुया पोट्ट्यानं सावड कुठलोक नेली!" मग ते सरकट्यांकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "हे पाह्य इंद्रभान. बैल देल्लाच हाय, तं आपल्या वावराची पाळी भुलू नको. मांगून घेजो. सावडीत लाजते तो मरते."

"मागेन, काका," सरकटे म्हणाले. "दुसरी पाळी माझीच आहे."