न मागितलेली शाल

पार्बताबाई तायडे निवृत्त झाल्या, हे त्यांना स्वतःला एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता, सगळ्या मंडळीबरोबरच कळलं.

अकोल्यात रेल्वे रुळांच्या पलीकडे एक लहान चर्च आहे. तिथल्या संडे स्कूलमध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना त्या एकतीस वर्षं शिकवत होत्या. आठवडाभर त्या अंगणवाडीत मदतनीस. तिथं त्यांना कुणी बाई म्हणत नसे. रविवारी मात्र त्या बाई होत. त्यांचं सामान म्हणजे एक सूप, सुपात काळी माती आणि जवारीचे शंभर दाणे. शंभरातलं एक मेंढरू शोधायला मेंढपाळ बाकीची सोडून जातो, ती हरवलेल्या मेंढराची गोष्ट असली की मुलांनी दाणे मोजायचे, मग डोळे मिटायचे. बाई त्यातला एक दाणा मातीत पुरत. तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. मुलं मातीत बोटं खुपसत, भांडत, एखादं रडकुंडीला येई. मग दाणा सापडला की कुणीतरी किंचाळे. ते किंचाळणं ज्यानं ऐकलं, त्याला त्या गोष्टीचा अर्थ सांगायची गरज उरत नसे.

गृहपाठ एकच. गोष्ट घरी कुणालातरी सांगायची आणि ऐकणाऱ्याचा एक प्रश्न पुढच्या रविवारी घेऊन यायचा. निधी नावाच्या पोरीनं एकदा आणला होता : "बाबा म्हन्ते, नव्व्याण्णव मेंढरं तशीच सोडली, त्याइले लांडग्यानं खाल्लं त मंग?"

बाई म्हणाल्या, "बाबाले सांग, बाईले बी हाच घोर हाये."

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दाणा सापडेना. उपासना संपली. आईबाप उन्हात गाड्यांशी ताटकळले. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी मोतीराम सरोदे, वीज कार्यालयातून निवृत्त झालेले, दारात येऊन उभे राहिले.

"बाई, एका दान्यासाठी दीड घंटा?"

"सापडन नं भाऊ. घाई कायची?"

"टीव्हीवर हेच गोष्ट सहा मिनिटात होते. गान्यासकट."

"सहा मिनिटात सापडलं, त ते हरवलंच कोठी होतं?"

दारातले दोन-चार बाप हसले. मोतीराम हसले नाहीत. दोन महिन्यांत वर्गाच्या भिंतीवर भलामोठा टीव्ही लागला, आणि त्याचा रिमोट बाईंच्या हातात देण्यात आला. म्हणजे आता बाईंचं काम बटण दाबण्याचं.

सगळ्यांना तो टीव्ही फार आवडला. जो तो म्हणे, पोरं किती शांत बसतात! मला या शांततेची चीड येते. पाच वर्षांचं मूल अर्धा तास हलत नाही, डोळे मिचकावत नाही, तोंड उघडं टाकून बसतं, आणि मोठी माणसं त्याला संस्कार म्हणतात. भरलेलं पोतंही शांत बसतं. आपल्याला मुलं शिकायला नको आहेत, आपल्या उपासनेत त्यांचा आवाज यायला नको आहे, एवढं स्पष्ट कुणी कबूल केलं असतं तरी मी त्याचा आदर केला असता.

तिसऱ्या रविवारी टीव्हीवर जलप्रलय होता. थोडी माणसं आणि प्राण्यांच्या जोड्या आत घेतलेलं तारू, म्हणजे मोठी नाव, पाण्यावर तरंगत होतं. यशोधन नावाच्या पोरानं विचारलं, "बाई, ज्या पोराईले आत नाई घेतलं, ते कोठी गेले?"

पण पडद्यावर तोवर जिराफ नाचायला लागले होते. बाईंनी चित्र थांबवलं. त्याबरोबर सगळा वर्ग ओरडला, "लावा नं! लावा नं!" त्यात यशोधनही होता. आपण काय विचारलं ते तो तेवढ्यात विसरला होता.

पोरांवर बाई रागावल्या नाहीत. त्या थेट चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब यांच्याकडे गेल्या. "टीव्ही राहू द्या, जी. मले फक्त अर्धा घंटा द्या, त्याच्याबिगर."

पाळकसाहेब तरुण आणि भले. भल्या माणसांसारखेच ते म्हणाले, "कमिटीपुढे ठेवतो."

कमिटीनं सत्कार ठरवला.

आपल्याकडे माणसाला काढायचं असलं की आधी शाल आणतात. शिवी दिली तर तो उलटून बोलेल. शालीला काय बोलणार? खांद्यावर ऊब येते, समोर टाळ्या वाजतात, फोटो निघतो, आणि फोटोतला माणूस संपलेला असतो. बाईंना कुणी विचारलं नव्हतं. उपासना संपल्यावर नाव पुकारलं गेलं. मोतीरामांनी माइकवर एकतीस वर्षांच्या निःस्वार्थ सेवेचं कौतुक केलं, आता बाईंनी आराम करावा असं म्हटलं आणि शाल उलगडली.

बाई दोन पावलं मागं सरकल्या. "मी कोठी चालली? सत्कार कायचा?"

माइक धरून पाळकसाहेब गडबडीनं म्हणाले, "आपल्या बाईंनी हा सन्मान नम्रपणे नाकारला आहे." टाळ्या झाल्या.

बाईंनी त्यांच्या हातातून माइक घेतला. "नम्रपने नाई. रागानं नाकारला. काढाचं असन त काढा म्हना. शाल काहून पांघरता?"

कुणी खोकलं. मागच्या बाकावरून एक म्हातारा बोलला, "बोल व माय, बोल."

"मले अर्धा घंटा पायजे. होय म्हना, नाईतर नाई म्हना. समद्याइसमोर."

सगळे मोतीरामांकडे बघू लागले. त्यांच्या हातात उघडलेली शाल तशीच होती. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले, "आठ ते साडेआठ घ्या. कोनी आलं त." थंडीचे दिवस, रविवारची सकाळ. कुणी येणार नाही, हा त्यांचा हिशेब.

"घेतला," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी चार मुलं आली. पूर्वी बावीस असत. चार हा विजय नव्हे, आणि बाईंनीही तसं मानलं नाही. गृहपाठ दिलेला नव्हता, तरी निधीनं आईचा प्रश्न आणला होता, त्यावरून यशोधनची आणि तिची जुंपली होती. तेवढ्यात मोतीराम दारात आले. मनगट पुढं करून त्यांनी घड्याळ दाखवलं.

"बाई, साडेआठ. टीव्ही लावाचा हाये."

"प्रश्न चालू हाये. चपला काढून बसा, नाईतर भायेर उभे राहा."

ते बसले नाहीत, आत येऊन बटणही दाबलं नाही. पायरीवर उभे राहिले. आत दोन पोरं एकमेकांवर ओरडत होती, आणि पार्बताबाई कुणालाही गप्प करत नव्हत्या.