टॅपस्कॉटचा खुनी

समजा, तुम्हाला मेलेलं पडायचं आहे. नाक गालिच्यात, एक हात पोटाखाली, आणि गालिच्याला मागच्या सिनेमातल्या कुत्र्याचा वास. तेवढ्यात चहाच्या सुट्टीची शिट्टी होते. सगळे कपाकडे धावतात. तुम्ही मात्र हलायचं नाही. हललात तर प्रेत नक्की कुठे होतं यावरून पुन्हा भांडण.

क्लॅरेन्स टॅपस्कॉट दुसरं महायुद्ध संपल्यापासून हेच करत होता. लंडनच्या दक्षिणेला, कोळशाच्या वखारीला लागून आमचा स्टुडिओ. मी तिथे माइकची काठी धरायचो. आमचे खुनाचे सिनेमे मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवत, म्हणजे लोकांना जागा शोधून आइस्क्रीम संपवता यावं. सगळ्या सिनेमांत एकच जिना, एकच टेलिफोन. धुकं मात्र भरपूर, कारण धुक्यामागची भिंत रंगवावी लागत नाही.

दिग्दर्शक डडली प्रॉसर स्वतःला कलावंत म्हणवायचा. त्याची कला एकच होती. काम मागे पडलं की पटकथेची पानं फाडायची, की झालं काम वेळेवर.

एकदा त्याने टॅपस्कॉटला मरण्याआधी एक वाक्य दिलं. टॅपस्कॉट जवाहिऱ्या; दार उघडतो, हसतो, म्हणतो, “आलास? दार लावून घे.” मग सुरा. खुन्याच्या टोपीची फक्त सावली दिसणार, चेहरा अगदी शेवटी. या एका वाक्याने माणूस बिघडला. खाटकाच्या रांगेत, बसमध्ये, न्हाव्याकडे तो ते म्हणून दाखवायचा. बायको आयव्हीने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं की आमचा क्लॅरेन्स आता बोलतो.

इन्स्पेक्टर झालेल्या नटाला संवाद आठवेनात, काम रखडलं, आणि प्रॉसरने शेवटची पानं फाडली. पटकथेचा मेळ ठेवणाऱ्या मिस पेटिफरने सांगितलं, की त्यात खुनी होता.

“इन्स्पेक्टर पाइप पेटवतो ना शेवटी?” प्रॉसर म्हणाला. “लोक समजून जातात.”

लोक समजून गेले, म्हणजे आइस्क्रीम खात राहिले. टॅपस्कॉट आयव्हीला सिनेमाला घेऊन गेला होता. खेळ संपून राष्ट्रगीताला उभं राहिल्यावर ती हळूच म्हणाली, “बोललास छान. पण तुला मारलं कुणी रे?” दाराबाहेर गल्लीतले चौघे तेच विचारायला थांबले होते.

दुसऱ्या दिवशी तो थेट प्रॉसरकडे गेला. नव्या सिनेमासाठी तोच गालिचा अंथरला होता.

“टॅपस्कॉट,” प्रॉसर घड्याळ बघत म्हणाला, “प्रेतांना प्रश्न पडत नसतात. पड बघू.”

तो पडला. चहाची शिट्टी झाल्यावर मी कप घेऊन त्याच्याजवळ उकिडवा बसलो. मला वाईट वाटत होतं, हसूही येत होतं.

“काका, खरं सांगू? दारापलीकडे कुणीच नव्हतं. माझ्या माइकच्या स्टँडवर टोपी ठेवली होती.”

“ते मला दिसत होतं,” तो गालिच्यातूनच म्हणाला. “मी काय आंधळा आहे? पण मी त्याला हसून आत घेतलं, दार लावून घे म्हटलं. म्हणजे घरोब्यातलाच होता ना? मग कोण होता तो?”